वेग हवा तर आधी पुढच्या पायावर थांबता यायला हवं

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या एका मुलाचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: वय १७, उंची ५ फूट ११ इंच, वजन ६२ किलो, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी. दोन महिन्यांनी जिल्ह्याची निवड चाचणी आहे. चार महिने जिम केली, बेंच प्रेस (बाकावर झोपून बार छातीवरून वर ढकलणं) ४० वरून ६० किलोवर गेला, दंड भरले, पण चेंडूचा वेग होता तिथेच आहे. जिमवाला म्हणतो रोज जड स्क्वॉट मार. क्लबमधले सर म्हणतात वजनं उचललीस तर अंग आखडेल, त्यापेक्षा मैदानाला दहा फेऱ्या मार. ऐकायचं कुणाचं? आणि शेवटी जाता जाता एक ओळ: “आठ-दहा ओव्हर टाकल्या की कंबरेत डाव्या बाजूला दुखतं, पण तेवढं चालतं.”

भाऊ, सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करू. बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

तेवढं चालत नाही. उजव्या हाताच्या फास्ट बॉलरला कंबरेत खाली, मणक्याच्या डाव्या बाजूला दुखतंय, एका बोटाने जागा दाखवता येते, बॉलिंग केली की वाढतं आणि मागे वाकलं की कळ येते, असं असेल तर “स्नायू धरलाय” म्हणून सोडून द्यायचं नाही. मणक्याच्या मागच्या कमानीत हाडाचा एक अरुंद भाग असतो. डावा पाय आदळल्यापासून चेंडू सुटेपर्यंतच्या क्षणात धड डावीकडे झुकतं, कंबरेला पीळ पडतो आणि खालून पायाचा धक्का वर येतो. या तिन्हींचा मिळून भार कंबरेच्या सगळ्यात खालच्या दोन मणक्यांवर, चौथ्या आणि पाचव्यावर येतो, तोही बहुतेक वेळा बॉलिंगच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. हाडाला भरून यायला सवड मिळाली नाही की आधी आतून सूज येते, मग बारीक तडा जातो. स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ते हेच. मणक्याचं हाड विशीच्या मध्यापर्यंत पक्कं होत राहतं, त्यामुळे तुझ्या वयात हा धोका सगळ्यात जास्त.

मोठमोठे यातून सुटलेले नाहीत. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्स २०११ मध्ये १८ व्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळला, डावात ६ बळी घेतले, आणि दुसरी कसोटी खेळायला २०१७ उजाडलं, ती आपल्या रांचीत. मधल्या वर्षांत पाठीने त्याला पुन्हा पुन्हा बसवलं. बुमराहची पाठ २०१९ मध्ये गेली, २०२२ मध्ये परत गेली, आणि २०२३ मध्ये न्यूझीलंडला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ऑस्ट्रेलियाच्याच डेनिस लिलीची तर १९७३ मध्येच गेली होती. तो प्लास्टरमध्ये राहिला, मग शिस्तीत व्यायाम करून आणि अ‍ॅक्शन बदलून १९७४-७५ च्या इंग्लंडविरुद्धच्या अ‍ॅशेसमध्ये परतला. पुढे १९८७ मध्ये चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झालं तेव्हा तिथे शिकवायला तोच होता. श्रीरामपूरचा झहीर खान तिथूनच घडला.

म्हणून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि त्यांना स्पष्ट सांग की मी वेगवान गोलंदाज आहे. नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नको. सुरुवातीची सूज त्यात दिसत नाही, ती एमआरआयमध्ये दिसते. जळगावला किंवा धुळ्याला जावं लागेल, खर्च होईल, घरी कुरकुर होईल, तरी कर. रिपोर्ट येईपर्यंत बॉलिंग बंद, अगदी टेनिस बॉलचीसुद्धा. आणि कुणाकडे जाऊन कंबर चोळून, “कडकन बसवून” घ्यायची नाही. तडा असेलच तर काही महिने विश्रांती आणि टप्प्याटप्प्याने परत येणं, एवढाच रस्ता आहे. लवकर सापडला तर हाड बहुतेक वेळा पूर्ण भरून येतं.

पुढचं सगळं कंबर साफ आहे असं धरून लिहितो. डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं तर त्यांचं ऐकायचं, माझं नाही.

बेंच २० किलोने वाढला आणि चेंडू तसाच, यात नवल काही नाही. क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. एवढी वस्तू फेकायला दंडात साठ किलोचं बळ कशाला लागेल? हात फिरतो धडाच्या झटक्याने आणि धडाला झटका मिळतो पायाकडून. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठात वेगवान गोलंदाजांच्या अ‍ॅक्शनची बारकाईने मोजमापं घेतली गेली. त्यातून वेगाशी जोडलेल्या चार गोष्टी पुढे आल्या: रनअपचा वेग, पुढचा पाय टेकल्यावर गुडघा किती ताठ राहतो, चेंडू सुटेपर्यंत छाती किती पुढे येते, आणि बॉलिंगचा हात किती उशिरा फिरतो. दंडाचा घेर त्या यादीत नव्हता.

या चौघांत माझ्या मते कळीचा पुढचा पाय. सायकल भरधाव असताना नुसता पुढचा ब्रेक दाबला तर काय होतं तुला माहीत आहे: चाक जागच्या जागी थांबतं आणि स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. बॉलिंगमध्ये तुझा डावा पाय म्हणजे तो ब्रेक. पाय थांबला की रनअपमध्ये कमावलेला वेग धडात जातो, धडातून खांद्यात, खांद्यातून चेंडूत. पाय थांबला नाही, गुडघा खाली लवला, तर ती कमाई क्रीजवरच गळून जाते आणि मग तू हाताने जोर लावायला बघतोस. तुझा बेंच तिथे काही कामाचा नाही.

थांबणं स्वस्तही नाही. पुढचा पाय टेकतो तेव्हा जमीन जो उलटा धक्का देते तो शरीराच्या वजनाच्या साधारण पाच ते आठ पट असतो. तुझ्या ६२ किलोला सहा पट धरलं तरी पावणेचारशे किलो, एका पायावर, काही शतांश सेकंदात. पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत सगळा मिळून सुमारे एक दशांश सेकंद मिळतो. माणसाला आपला पूर्ण जोर उभा करायला ०.३ सेकंदाच्या वर वेळ लागतो. म्हणजे तुझ्यात किती ताकद आहे याच्याइतकंच महत्त्वाचं, की ती किती लवकर हजर होते. जिममधलं काम त्यामुळे दोन प्रकारचं: एक साठा वाढवायचा, दुसरं तो झटकन काढता यायला हवा. नुसता साठा वाढवून भागत नाही, आणि साठाच नसेल तर उड्या मारून उपयोग नाही.

यातून एक गोष्ट निघते, ती आपल्याकडच्या पोरांना पटायला जड जाते. रनअप वाढवला की वेग वाढतो हे खरं, पण तुझा पुढचा पाय जेवढ्याला थांबवू शकतो तेवढ्यापर्यंतच. गावाकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत सीमारेषेपासून धावत येणारे बॉलर किती दिसतात! येतात वाऱ्यासारखे, आणि क्रीजवर गुडघा असा लवतो की निम्मी धाव फुकट. तू एक कर. बाजूला मोबाईल लाव, स्लो-मोशनमध्ये सहा चेंडू घे. डावा पाय टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंत गुडघा सरळ राहतो, थोडा लवून परत उभा होतो की लवतच जातो, ते बघ. तिसरा प्रकार असेल तर तुझा वेग कुठे अडकलाय ते कळलं. मात्र उद्या नेटमध्ये जाऊन गुडघा मुद्दाम ताठ ठेवायला लागू नको. पायात ताकद नसताना ताठ ठेवलेल्या गुडघ्यातून तोच धक्का सरळ कंबरेत जातो. आधी पाय, मग गुडघा.

आता बार आणि डंबेल. हंगाम नसताना आठवड्याला तीन दिवस, स्पर्धा सुरू असताना दोन, महत्त्वाच्या सामन्याच्या आठवड्यात एक आणि तोही छोटा. रोज जड स्क्वॉट ही गोष्ट डोक्यातून काढ. पाठीवर बार घेऊन जड स्क्वॉट माझ्याकडे मुलांना खूप उशिरा मिळतो, काहींना कधीच मिळत नाही. कारण साधं आहे. बॉलर थांबतो एका पायावर, त्यामुळे एका पायाचा व्यायाम त्याला जास्त लागू पडतो. शिवाय पायावर तेवढाच ताण निम्म्या वजनात येतो आणि कणा वाचतो.

म्हणून पहिला व्यायाम स्प्लिट स्क्वॉट. एक पाय पुढे, मागचा पाय आधी जमिनीवर, काही आठवड्यांनी बाकड्यावर, दोन्ही हातांत डंबेल. खाली जाताना मनात तीन मोजायचे, वर झटकन. सुरुवात ८ ते १० रेपच्या तीन सेटांनी (एक रेप म्हणजे व्यायाम एकदा पूर्ण करणं, आणि सलग केलेल्या रेपांचा एक सेट). महिना-दीड महिना गेला आणि गुडघा आत पडत नसेल तर वजन वाढवत ५-६ च्या चार सेटांवर ये. ३ ते ५ रेपचं खरं जड काम वर्षभराचा पाया झाल्यावर. कुठल्याही सेटनंतर अजून दोन रेप निघाल्या असत्या एवढं अंगात शिल्लक राहिलं पाहिजे, आणि दोन सेटांमध्ये दोन-तीन मिनिटं बसायचं. (मोबाईल बघण्याचा हा एकच अधिकृत वेळ.) माझं माप असं: दोन्ही हातांतली डंबेलं मिळून तुझ्या वजनाच्या निम्मी, म्हणजे तीसेक किलो, घेऊन प्रत्येक पायावर सहा स्वच्छ रेप निघाल्या की पाय जड कामाला तयार आहे.

दुसरा व्यायाम रोमानियन डेडलिफ्ट: गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, कमरेतून न वाकता खुब्यातून वाकायचं, मांडीच्या मागे ताण आला की परत उभं राहायचं. मांडीमागचे आणि नितंबाचे स्नायू यातून तयार होतात. पुढचा पाय टेकताना ब्रेक धरून ठेवायला हेच स्नायू लागतात. वजनाची घाई इथे सगळ्यात महाग पडते. शिकवणारा नसेल तर महिनाभर रिकाम्या काठीवर कर, कुणी हसलं तर हसू दे. त्याच्या जोडीला नॉर्डिक: गुडघ्याखाली जुनी गादी, मित्राने घोटे घट्ट धरायचे आणि आपण गुडघ्यावर ताठ राहून सावकाश पुढे झुकत जायचं. चार रेपचे दोन सेट पुरे. पहिल्या आठवड्यात मांड्या अशा भरून येतील की जिना उतरताना आई विचारेल काय झालं. त्यामुळे सामन्याच्या आठवड्यात हा व्यायाम नव्याने सुरू करायचा नाही.

पोटरीकडे कुणी बघत नाही. एका पायावर टाच उचलणं, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, दोन्ही प्रकारांनी. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून, टाच पूर्ण खाली, पूर्ण वर. एका पायावर सलग पंचवीस निघत नसतील तर उड्यांचा कार्यक्रम सुरूच करायचा नाही. आपल्याकडे मॅटखाली सिमेंटची पट्टी, आणि उन्हाळ्यात काळ्या मातीचं मैदान दगडासारखं, वर भेगा. नडगीचं दुखणं इकडच्या मुलांत खूप दिसतं. मला तरी त्याची निम्मी कारणं कमजोर पोटरीत सापडतात, उरलेली झिजलेल्या बुटांत.

पोटाचं काम म्हणजे क्रंच नव्हे. बॉलरच्या पोटाचं काम कंबर वळवणं नसून, ती नको तेवढी वळू आणि वाकू न देणं हे आहे. साइड प्लँक दोन्ही बाजूंनी मिनिटभर. पाठीवर झोपून विरुद्ध हात-पाय लांब करणं, कंबर जमिनीला चिकटलेली. आणि एका हातात जड डंबेल किंवा पाण्याचा कॅन घेऊन वाकडं न होता तीस-चाळीस पावलं चालणं. वजन हातात घेऊन बसल्या बसल्या कंबर पिळायची आणि यंत्रावर पोट टेकून मागे उंच उचलायचं, हे दोन व्यायाम तुझ्या कंबरेला नकोत. बरगडीखालची साइड स्ट्रेन, म्हणजे तिथला स्नायू दुखावणं, बॉलिंग न करणाऱ्या हाताच्या बाजूला होते, साइड प्लँकची सवय तिथेही उपयोगी पडते.

वरच्या अंगाचं थोडक्यात: बेंच बंद कर असं म्हणणार नाही, पण एका ढकलण्याला दोन ओढणी. पुलअप, वाकून डंबेल ओढणं. खांदा मागून सांभाळला जातो.

केळीच्या कापणीला जात असशील तर तेही सांग. चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात कितीतरी खेळाडू पोरं हंगामात घड वाहतात, आणि वीस-पंचवीस किलोचा घड दिवसभर एकाच खांद्यावर घेतला जातो. तो दिवस व्यायामाचाच धरायचा. त्या संध्याकाळी जिम नाही, दुसऱ्या दिवशी जोरात बॉलिंग नाही.

आता थांबण्याचा सराव. जिमच्या वेळापत्रकांत हा क्वचित दिसतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फळ यातच आहे. गुडघ्याच्या निम्म्या उंचीच्या ठोकळ्यावर उभा राहा. उडी मारू नको, नुसतं पुढे पाऊल टाकून खाली उतर आणि दोन्ही पायांवर असा थांब की टाचेचा आवाज येणार नाही, गुडघा आत जाणार नाही, धड डुलणार नाही. दोन सेकंद पुतळा. तीन आठवड्यांनी ठोकळा कमी उंचीचा घे आणि एकाच पायावर उतर. मग जमिनीवरून पुढे लंगडी उडी आणि थांब. मग तीन पावलं धावत येऊन डाव्या पायावर थांब. प्रत्येक टप्प्याला चार-पाच रेप, तीन सेट, आणि दोन्ही पायांवर, नाहीतर एकच बाजू बळकट होते. मागच्या पायरीवर डुलत असशील तर पुढच्या पायरीवर जायचं नाही.

हे जमलं की उड्या. पाय ताठ ठेवून घोट्यावर झटझट छोट्या उड्या, जमिनीला पाय कमीत कमी वेळ लागला पाहिजे. जागेवरून लांब उडी. ठोकळ्यावर उडी. एका दिवसात पाय जमिनीवर आदळण्याची एकूण संख्या ४० ते ६०, बस. या व्यायामात दमणं म्हणजे चुकणं. उडीची उंची कमी झाली की त्या दिवसापुरतं संपलं. तापीच्या वाळूत पळायची आपल्याकडे हौस आहे. नडगी दुखरी असेल किंवा पहिले काही आठवडे असतील तर वाळू चांगली, पण ती धक्का गिळते, त्यामुळे झटकन उसळण्याची सवय तिच्यात लागत नाही. त्यासाठी गवताचं किंवा नीट रोलर फिरवलेलं मैदान हवं. चढावरची धाव मात्र मला आवडते. उनपदेवकडे सातपुड्याच्या पायथ्याला चढ हवे तेवढे आहेत. २०-३० मीटरच्या सहा धावा, प्रत्येकीनंतर चालत खाली, पूर्ण दम खाऊन पुढची.

मेडिसिन बॉल विकत घ्यायची गरज नाही. जुन्या बास्केटबॉलला छेद देऊन वाळू भरायची, पंक्चरवाल्याकडून बंद करून घ्यायचा, तीन किलो झाला की काम झालं. भिंतीला बाजूला उभं राहून खुब्यापासून फेकणं, आणि गुडघ्यावर बसून डोक्यावरून जमिनीवर आपटणं, पाच-पाचचे तीन सेट. डोक्यावरून मागे फेकायचा प्रकार तू करू नको, त्यात कंबर मागे वाकते. जड आणि हलके क्रिकेट चेंडू टाकून वेग वाढवायचा प्रकारही हल्ली चालतो. त्यावर अभ्यास झालेत, काहींत वेग थोडा वाढलेला दिसला, टप्पा बिघडलेलाही दिसला. सतराव्या वर्षी, कंबर दुखत असताना, मी ते देणार नाही.

तुझ्या सरांचं “अंग आखडेल” हे म्हणणं अर्धं खरं आहे. अर्धवट रेप मारले, ताणाचे व्यायाम सोडले आणि छाती-दंडच केले तर खांदा पुढे येतो आणि हात अडतो. पूर्ण पल्ल्याने केलेल्या वजनाच्या व्यायामाने लवचिकता जात नाही, उलट टिकते. दहा फेऱ्यांचं मात्र पटत नाही. बॉलर ओव्हरमध्ये सहा वेळा वीसेक मीटर जोरात धावतो आणि चालत परत जातो. त्याची तयारी तशाच धावांनी होते.

आणि तालमीतले जोर-बैठका? आपल्या खान्देशात कुस्तीचा नाद मोठा आहे, घरातलं कुणी ना कुणी लाल मातीत उतरलेलं असतं, आणि आजोबा सांगतातच की पाचशे बैठका मार, बॉल आपोआप जोरात जाईल. बैठकांनी पायात दम येतो, मुद्गल फिरवल्याने खांदे मोकळे राहतात, त्याला माझा पूर्ण मान आहे. पण पाचशेव्या बैठकीला जी ताकद लागते ती पहिल्या बैठकीएवढीच. पावणेचारशे किलोचा धक्का झेलायची ताकद वजन वाढवत नेल्यावरच येते. जोर मारताना कंबर खाली झोकून छाती वर काढतात, ते दुखणाऱ्या कंबरेला चालणार नाही. सध्या साधे पुशअप.

आता चेंडू मोजणं. हे ज्याला कंटाळवाणं वाटतं त्याने फास्ट बॉलिंग सोडून ऑफस्पिन टाकावी. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांसाठी मर्यादा घालून दिल्या. अनेक वर्षं चाललेल्या त्या नियमांत १७ वर्षांच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये, म्हणजे एका टोकाकडून सलग, ७ ओव्हर आणि दिवसाला १८ ओव्हर इतकीच परवानगी होती, १३ वर्षांच्याला स्पेलमध्ये ५ आणि दिवसाला १०. आपल्याकडे थंडीपासून आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा. शनिवारी एक गाव, रविवारी दोन, शिवाय सोमवारी क्लबचा नेट, आणि कुणीच मोजत नाही. टेनिस बॉल हलका म्हणून खांदा वाचतो म्हणतात. पण धावणं तेवढंच, पाय आदळणं तेवढंच. कंबरेला चेंडू कुठला ते कळत नाही.

ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट दिसली: सामन्यात अचानक खूप ओव्हर टाकल्या तर दुखापतीचा धोका पुढचे तीन-चार आठवडे वाढलेला राहतो. म्हणजे आखाजीला केलेलं जूनमध्ये दुखतं, आणि आपण दोष देतो कालच्या नेटला. म्हणून एक वही कर. तारीख, जोरात टाकलेले चेंडू (नेट, सामना, टेनिस, सगळे), आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर दहापैकी किती दुखली. कंबर साफ निघाली तरी आठवड्याला दोन दिवस २४-२४ चेंडूंपासून सुरू कर आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढव. लागोपाठ दोन दिवस जोरात नाही. जिम बॉलिंगच्याच दिवशी, बॉलिंग झाल्यावर, म्हणजे मधला दिवस खरोखर रिकामा मिळतो. दुखण्याचा आकडा दोन दिवस तीनच्या वर राहिला तर थांबायचं.

खाण्याचं. ६२ किलो या उंचीला कमी आहे, चार-पाच किलो वाढले पाहिजेत, वर्षभरात, सावकाश. प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुला दिवसाला शंभरेक ग्रॅम. डब्यातली पावडर लागत नाही. तीन अंडी १८, अर्धा लिटर दूध १६, मूठ-दीड मूठ शेंगदाणे १२, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या २६, दोन वाट्या घट्ट वरण १४, चार भाकरी २०. भाकरी कळण्याची असेल तर उडदामुळे आणखी बरं. घरात अंडी चालत नसतील तर दूध-दही वाढव. केळी आपल्याकडे हवी तेवढी, सरावाआधी खा, पण केळ्यात प्रथिनं नावाला असतात, डझनभर खाऊन अंग भरत नाही. शेवभाजी सामन्याच्या आदल्या रात्री नको, एवढं माझं ऐक. जिममध्ये कुणी गोळ्या-इंजेक्शन सुचवलं तर तिथून निघून ये.

एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो. तेव्हा उड्या आणि बॉलिंग सकाळी आठच्या आत, नाहीतर नाहीच. सरावाआधी आणि नंतर वजन कर, जेवढं कमी झालं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत, चिमूटभर मीठ-साखर घालून. रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा दोन वाजेपर्यंत चालतात आणि सहाला नेट असतो. अशा दिवशी नेट सोड. हाड झोपेत भरून येतं.

राहिली निवड चाचणी. कंबर साफ असेल तर दोन महिन्यांत दहा किलोमीटरचा वेग वाढेल अशी आशा ठेवू नको. थांबण्याचा सराव आणि रनअपचा ताल एवढं बसलं तरी गुडघ्यात फरक दिसेल. खरी वाढ एक-दोन वर्षांच्या कामाची. चाचणीच्या तीन दिवस आधी शेवटचं जोरातलं बॉलिंग, २४ चेंडू. त्या आठवड्यात जिम एकदाच, निम्मे सेट. त्या दिवशी रांगेत दोन तास बसावं लागतं, त्यामुळे नंबर यायच्या पंधरा मिनिटं आधी उठून परत अंग गरम कर. आणि एमआरआयमध्ये काही निघालं तर चाचणीला जायचंच नाही. वय १७ आहे, विनू मांकड आणि कूचबिहार करंडक १९ वर्षांखालचे आहेत, त्यानंतर २३ वर्षांखालचं क्रिकेट आहे.

रिपोर्ट आला की त्यातल्या ओळी जशाच्या तशा लिहून पाठव. सोबत मागच्या चार आठवड्यांत आठवतील तेवढे चेंडू, आणि गुडघा दिसेल असा तो स्लो-मोशन व्हिडिओ, जुना असला तरी चालेल. त्यावरून पहिल्या सहा आठवड्यांचं वेळापत्रक लावून देतो.